फुप्फुसाच्या कर्करोगातील किरणोपचार आणि अन्ननलिकेचे रक्षण : खानदेशातील वैद्य व औषधी विक्रेत्यांसाठी एक अभ्यास

जळगाव व धुळे जिल्ह्यांत चिकित्सा करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांकडे फुप्फुसाच्या कर्करोगाचा रुग्ण दोन वेळा येतो. प्रथम तो जुनाट खोकल्याचा, क्वचित रक्तष्ठीवनाचा रुग्ण म्हणून येतो. पुष्कळदा त्याआधी क्षयाची औषधे घेऊन झालेली असतात, आणि विडीचे व्यसन बहुधा असतेच. दुसऱ्यांदा तो येतो तेव्हा निदान झालेले असते. मुंबई, नाशिक अथवा छत्रपती संभाजीनगर येथे त्याचे उपचार सुरू असतात आणि तो सणासुदीला किंवा शनिवार-रविवारी गावी परतलेला असतो. "लाईट चालू आहे," असे तो सांगतो. कोणी 'शेक' म्हणतो. त्याची तक्रार मात्र फुप्फुसाची नसते. गिळताना छातीच्या मध्यभागी आग होते, घास अडतो, पाणीसुद्धा टोचत जाते. आपल्या अहिराणी भाषक रुग्णाचे शब्द ठरलेले आहेत : "गयामा घास अटकस." प्रस्तुत लेखाचा विषय ही दुसरी भेट आहे.

आरंभी स्वतःच्या चुकीचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी यावल तालुक्यातील एक केळी बागायतदार, वय सुमारे ५८, आखाजीसाठी गावी आले असता प्रस्तुत लेखकाकडे आले. त्यांचे किरणोपचाराचे ३० पैकी १७ भाग पूर्ण झाले होते व त्याच्या जोडीने आठवड्यातून एकदा रासायनिक उपचारही सुरू होता. खोकला होता, आम्लपित्तासारखी जळजळ होती, वजन घटले होते. लेखकाने खोकल्यासाठी सितोपलादि चूर्ण मधातून, जळजळीसाठी शंखवटी आणि बलासाठी द्राक्षासव दिले. यांपैकी प्रत्येक औषध आपण दिवसातून दहा वेळा देतो. दोन दिवसांत त्यांचे गिळणे इतके दुष्कर झाले की, पाण्याचा घोटही उतरेना. सोमवारी ते उपचारासाठी परत जाऊ शकले नाहीत आणि सलग सहा दिवसांचे किरणोपचार बुडाले. तेथील तज्ज्ञांनी दूरध्वनीवर शांतपणे एवढेच विचारले, "वैद्यराज, आपण काय काय दिले होते?" त्या प्रश्नाने सुरू झालेला हा अभ्यास आहे.

इजा कोठे व केव्हा होते

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायुमय नळी श्वासनलिकेच्या लगेच मागे व हृदयाच्या डाव्या कर्णिकेला लागून खाली उतरते. श्वासनलिका जेथे दुभंगते, त्याच्या खालच्या लसग्रंथी अन्ननलिकेला जवळजवळ चिकटलेल्या असतात. फुप्फुसाचा कर्करोग तिसऱ्या अवस्थेत याच ग्रंथींमध्ये पोहोचतो. त्यामुळे किरणांचे लक्ष्य आणि वाचवावयाचा अवयव यांच्यामधील अंतर बोटभरही राहत नाही. मूळ गाठ फुप्फुसाच्या कडेला असून ग्रंथी निर्दोष असतील, तर अन्ननलिकेस फारसा उपद्रव होत नाही. याउलट छातीच्या मध्यभागी रोग असल्यास तो जवळजवळ ठरलेलाच असतो. रुग्णाच्या कागदपत्रांत ग्रंथींविषयी काय लिहिले आहे, हे आपण पाहिले तर पुढे काय येणार याची पुष्कळ कल्पना आधीच येते.

अन्ननलिकेच्या आतील आवरणाच्या तळाच्या पेशी सतत विभाजित होऊन वरचा झिजणारा थर भरून काढत असतात. किरणांमुळे हे विभाजन थांबते. वरचा थर मात्र नेहमीप्रमाणे झिजत राहतो. म्हणून पहिले आठ-दहा दिवस रुग्णास काहीच जाणवत नाही आणि तो व त्याचे नातलग निर्धास्त होतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आवरण पातळ होऊन गिळताना वेदना सुरू होतात. चौथ्या आठवड्यापासून उपचार संपेपर्यंत त्या वाढत जातात व उपचार संपल्यावर बहुधा तीन ते चार आठवड्यांत आवरण पुन्हा भरून येते. सर्वसामान्य पद्धतीत दररोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, अशी सहा आठवड्यांत ३० भागांमध्ये ६० ग्रे मात्रा दिली जाते. त्याच काळात सिसप्लाटिन अथवा कार्बोप्लाटिनसारखी औषधे दिल्यास रोगावरील परिणाम वाढतो, तसाच अन्ननलिकेचा शोथही वाढतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, एक हजाराहून अधिक रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात सुमारे एक तृतीयांश रुग्णांना आहार बदलावा लागेल इतका, म्हणजे दुसऱ्या श्रेणीचा शोथ झाला. नळीने अन्न देण्याची किंवा रुग्णालयात ठेवण्याची पाळी यावी असा तिसऱ्या श्रेणीचा शोथ सुमारे एक षष्ठांश रुग्णांत आढळला.

शोथापेक्षाही गंभीर गोष्ट म्हणजे त्यामुळे उपचारात पडणारा खंड. किरणांच्या दोन भागांमध्ये अंतर वाढले की उरलेल्या कर्कपेशी वेगाने वाढू लागतात. अमेरिकेतील रुग्णांच्या २००५ सालच्या एका विश्लेषणात, किरण व रासायनिक उपचार एकत्र चालू असताना एकूण कालावधी जितके दिवस लांबतो, त्यातील प्रत्येक दिवसामागे मृत्यूचा धोका सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो, असे आढळले. आमच्या बागायतदारांचे सहा दिवस गेले होते. हा हिशेब वैद्याने मनात ठेवावा; रुग्णापुढे मांडू नये.

रक्षण मुख्यतः कोठे होते

अन्ननलिका वाचवण्याचे खरे काम उपचाराची आखणी होते त्या टेबलावर होते, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. संगणकीय छायाचित्रांवर अन्ननलिका रेखाटून तिच्या वाट्यास येणारी सरासरी मात्रा ३४ ग्रेच्या आत ठेवण्याचा प्रयत्न केला जातो. २०१० पासून हा दंडक तज्ज्ञांमध्ये रूढ आहे. किरणांची तीव्रता प्रत्येक दिशेने कमी-अधिक करता येणाऱ्या आधुनिक यंत्रांनी हे पूर्वीपेक्षा सुकर झाले आहे.

मात्रा वाढवली म्हणजे लाभ वाढतो, हा समजही खोटा ठरला आहे. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या 'आर.टी.ओ.जी. ०६१७' या चाचणीत ६० ग्रे व ७४ ग्रे अशा दोन मात्रांची तुलना केली गेली. अधिक मात्रेच्या गटात तीव्र अन्ननलिकाशोथ २१ टक्के, तर ६० ग्रेच्या गटात ७ टक्के होता. मध्यम जीवितकाल अधिक मात्रेत २०.३ महिने, तर कमी मात्रेत २८.७ महिने भरला. "पैसे देतो, जास्त लाईट द्या," असा आग्रह धरणारे नातलग आपल्याकडेही भेटतात. त्यांना हे आकडे सांगण्यासारखे आहेत.

रोग फार पुढे गेल्यावर केवळ वेदनाशमनासाठी दिलेल्या अल्प मुदतीच्या किरणोपचारातही अन्ननलिका टाळता येते. कॅनडातील 'प्रोअॅक्टिव्ह' चाचणीत (२०२२) ९० रुग्ण होते. नेहमीच्या आखणीत २४ टक्के रुग्णांना लक्षणयुक्त शोथ झाला. अन्ननलिका जाणीवपूर्वक वगळणाऱ्या आखणीत तो केवळ २ टक्क्यांना झाला. एवढे यश आजवर कोणत्याही मुखावाटे दिलेल्या औषधाला मिळालेले नाही.

औषधांचा इतिहास निराशेचा आहे. सुक्राल्फेट हे व्रणावर लेप धरणारे औषध तर्कतः उपयुक्त वाटते. नियंत्रित चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही. पेशीरक्षक म्हणून शिरेतून दिल्या जाणाऱ्या अमिफॉस्टिनच्या मोठ्या चाचणीत तीव्र शोथाचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. आपल्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद चाचणी मधाची आहे. 'आर.टी.ओ.जी. १०१२' या चाचणीत फुप्फुसाच्या कर्करोगाचे १६३ रुग्ण तीन गटांत विभागले होते. एका गटास नेहमीचे शामक उपचार, दुसऱ्यास न्यूझीलंडचा मानुका मध १० मिलीलिटर दिवसातून चार वेळा आणि तिसऱ्यास त्याच मधाची चघळावयाची वडी देण्यात आली. चौथ्या आठवड्यात गिळतानाची वेदना तिन्ही गटांत सारखीच होती (२०१७). याच मधाविषयी तोंडाच्या व्रणांच्या बाबतीत मात्र वेगळे चित्र आहे. डोके व मान यांच्या कर्करोगातील मुखपाकाच्या प्रतिबंधासाठी मध देण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०२० साली केली आहे. मुखात द्रव्य काही काळ धरून ठेवता येते, अन्ननलिकेतून ते काही क्षणांत खाली जाते. हा भेद लक्षात घेतल्यास दोन्ही निष्कर्षांचा मेळ बसू शकतो, असे लेखकाचे मत आहे.

आयुर्वेदीय विचार आणि त्याची मर्यादा

चरकाने विमानस्थानात अन्नवह स्रोतसाचे मूल आमाशय व वामपार्श्व असे सांगितले आहे. सुश्रुताने सूत्रस्थानात अग्निदग्धाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे चार प्रकार केले आहेत. किरणांनी होणारी इजा अग्नीने होणाऱ्या दाहाशी तोलून पाहण्याचा मोह होतो, आणि दाह, शूल, शोष या लक्षणांवरून पित्तप्रधान दुष्टी म्हणणे योग्यही आहे. परंतु दग्धाच्या वर्णनात अग्नीचा स्पर्श व परिणाम एकाच वेळी घडतात. येथे स्पर्श जाणवत नाही, परिणाम पंधरा दिवसांनी होतो आणि तो पुढील महिनाभर दररोज नव्याने घडत राहतो. म्हणून शीत, स्निग्ध, मधुर असा उपक्रम लक्षणशमनासाठी घ्यावा; संहितेत या व्याधीची चिकित्सा आहे असा दावा करू नये.

आपल्या क्षेत्रात प्रामाणिक काम झालेले आहे. जामनगर येथील संशोधकांनी डोके व मान यांच्या कर्करोगात किरणोपचाराच्या काळात यष्टिमधूचा उपयोग करून मुखपाकाची तीव्रता कमी झाल्याचे २०११ साली 'आयु' या नियतकालिकात नोंदवले. पुण्याजवळ वाघोली येथील भारतीय संस्कृती दर्शन ट्रस्टच्या केंद्राने रासायनिक उपचार घेणाऱ्या रुग्णांत मौक्तिकयुक्त कामदुधा व मौक्तिकयुक्त प्रवाळपंचामृत यांच्या उपयोगाचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. दोन्ही अभ्यास वाचनीय आहेत. पण पहिला मुखाचा आहे व दुसरा रासायनिक उपचारांच्या त्रासाचा. छातीवरील किरणोपचारात अन्ननलिका यांपैकी कशाने वाचते, असे त्यांच्या आधारे म्हणता येणार नाही.

यष्टिमधूविषयी एक सूचना. त्यातील ग्लिसिऱ्हायझिन या घटकाने शरीरातील पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. सिसप्लाटिनमुळे पोटॅशियम व मॅग्नेशियम आधीच मूत्रावाटे जात असतात. स्टेरॉइड वा मूत्रल औषध चालू असल्यास आणखी भर पडते. फांटाचा एखादा घोट तोंडात घोळवणे निराळे आणि दररोज चमचाभर चूर्ण आठवडे न् आठवडे देणे निराळे. दुसरी गोष्ट या रुग्णात उपचार पूर्ण होईपर्यंत करू नये.

रसायनाचा प्रश्न

आपल्यातील मतभेदाचा खरा मुद्दा येथे आहे. रुग्ण क्षीण झाला, त्यास च्यवनप्राश, आमलकी रसायन, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, अँटिऑक्सिडंट म्हणून विकली जाणारी नाना सरबते द्यावीत, असे आपल्याला सहज वाटते. मात्र किरण कर्कपेशींचा नाश ज्या मार्गांनी करतात, त्यांतील एक प्रमुख मार्ग पेशीत तीव्र ऑक्सिडीकारक कण निर्माण करण्याचा आहे. हे कण निष्प्रभ करणारे द्रव्य निरोगी पेशीबरोबर रोगी पेशीलाही आसरा देईल काय, हा प्रश्न तार्किक आहे आणि त्याचे एक प्रत्यक्ष उत्तरही उपलब्ध आहे.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात डोके व मान यांच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांना किरणोपचाराच्या काळात व नंतर ई जीवनसत्त्व दिले गेले. आरंभी त्यासोबत बीटा-कॅरोटिनही होते. २००५ साली आलेला निष्कर्ष असा : या द्रव्यांनी तीव्र त्रास खरोखर कमी झाला, पण त्याच रुग्णांत रोग त्याच जागी परत येण्याकडे कल दिसला. पुढे २००८ साली त्याच रुग्णांचे विश्लेषण झाले, तेव्हा उपचाराच्या काळात धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत हा अपाय स्पष्ट दिसला. त्याआधी, १९९४ साली, फिनलंडमधील २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या अभ्यासात बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता वाढला होता. रुग्णाचा घसा सुखावला आणि रोगही सुखावला, असा सौदा आपण करू नये.

आवळ्याचा वा हळदीचा अभ्यास म्हणजे ई जीवनसत्त्वाचा अभ्यास नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. प्रयोगशाळेत हळदीतील कर्क्युमिनने काही कर्कपेशी किरणांना अधिक संवेदनशील झाल्याचेही दिसले आहे. पण रुग्णावरील निर्णायक पुरावा मिळेपर्यंत, सहा आठवड्यांपुरते रसायन थांबवल्याने रुग्णाचे काही बिघडत नाही. दिल्याने कदाचित बिघडू शकते. भाजीतील हळद, वरणाची फोडणी यांवर कोणताही निर्बंध नको; प्रश्न अर्काचा व मोठ्या मात्रेचा आहे. बलवर्धनाची घाई असलेल्या नातलगांना, "लाईट संपू द्या, मग मी स्वतः देईन," असे सांगितले की ते ऐकतात, असा अनुभव आहे.

आपल्या फडताळातील औषधे

हा भाग विशेषतः औषधी विक्रेत्यांनी वाचावा, कारण यांतील बहुतेक वस्तू चिठ्ठीशिवाय जातात.

आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो. तो बहुधा पाच ते दहा टक्क्यांच्या घरात भरतो. सोललेल्या अन्ननलिकेवर द्राक्षासव, कुमारीआसव, दशमूलारिष्ट यांपैकी काहीही पाणी मिसळूनसुद्धा जाळत जाते. शंखवटीत चिंचेचा क्षार, लवणे, लिंबाची भावना व त्रिकटू आहे. लवणभास्कर व यवक्षारयुक्त कल्प त्याच जातीचे. रुग्ण "ॲसिडिटी" म्हणून मागतो आणि आपण हेच काढून देतो. अविपत्तिकर चूर्णात त्रिकटूबरोबर निशोत्तर आहे. आधीच पाणी कमी पडलेल्या रुग्णास रेचन घडवणे अनुचित. सितोपलादि व तालीसादि ही कोरडी चूर्णे आहेत. गिळण्याची क्रिया बिघडलेल्या रुग्णास त्यांनी ठसका लागतो आणि ती आवरणाला चिकटून राहतात.

पिप्पली व मरिचाविषयी आणखी एक बाब. त्यांतील पिपेरीन इतर औषधांचे शोषण वाढवते व यकृतात औषधांचे विघटन करणाऱ्या विकरांना अटकाव करते. अनुपान म्हणून त्रिकटू का द्यावे, याचे आधुनिक स्पष्टीकरण म्हणून आपण हाच गुण अभिमानाने सांगतो. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून दिलेली असताना तोच गुण अडचणीचा ठरू शकतो. जेवणातील मिऱ्याच्या चिमटीने हे घडत नाही. दिवसातून तीन वेळा चमचाभर चूर्णाने घडू शकते.

मोठ्या गुग्गुळ गोळ्या अन्ननलिकेत अडकून तेथेच विरघळतात व स्वतंत्र व्रण करतात. हाच धोका डॉक्सिसायक्लिन, लोहाच्या गोळ्या व वेदनाशामकांच्या गोळ्यांनाही आहे. या काळात शक्य तेथे द्रव औषध द्यावे. गोळी घ्यावीच लागली तर बसून, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये. सिसप्लाटिन वृक्कांवर ताण आणते, म्हणून धातू-खनिजयुक्त रसकल्प टाळावेत. वमन, विरेचन अथवा कोणतेही शोधन या सहा आठवड्यांत व नंतरचा काही काळ सर्वथा वर्ज्य समजावे.

बाजारात 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून येणाऱ्या, घटकांची यादी नसलेल्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते. अशा पुडीने रुग्णाला दोन दिवस भूक लागते, बरे वाटते. आणि सोललेल्या अन्ननलिकेवर बुरशी वाढण्यास रान मोकळे होते. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यान्वये गुन्हा आहे, याचे स्मरण दुकानाच्या दर्शनी भागात लावलेल्या काही फलकांकडे पाहून करून द्यावेसे वाटते.

विक्रेत्याने एकच प्रश्न विचारण्याची सवय लावावी : "छातीवर लाईट चालू आहे का, किंवा गेल्या महिन्याभरात होती का?" उत्तर होय आले, तर औषध न देता वैद्याकडे पाठवावे.

आहार : आपले खरे कार्यक्षेत्र

किरणोपचार तज्ज्ञ रुग्णास आठवड्यातून एकदा काही मिनिटे पाहतात. "मऊ, पातळ, पौष्टिक खा," हा त्यांचा सल्ला बरोबर असतो. पण खानदेशी घरात मऊ म्हणजे काय, हे सांगणारे तेथे कोणी नसते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नातलगांच्या खोलीवर राहणाऱ्या रुग्णाला जळगावचे जेवण हवे असते, आणि जळगावचे जेवण म्हणजे काळा मसाला, शेवभाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा, भरीत व कळण्याची भाकरी. यांतील एकही वस्तू तिसऱ्या आठवड्यात जशीच्या तशी उतरत नाही.

म्हणून निषेध न सांगता रूपांतर सांगावे. वांगे भाजून, साल व बिया काढून, मिरची व कच्चा कांदा न घालता तुपात घोटलेले भरीत पुष्कळांना जाते. उडदाची वा मुगाची डाळ पूर्ण शिजवून, गाळून, जिरे-तुपाची फोडणी देऊन पातळ करावी. भाकरी सोडून द्यावयास रुग्ण तयार नसेल, तर ताज्या भाकरीचा मधला पापुद्रा काढून गरम वरणात पंधरा मिनिटे भिजवून कुस्करावा. ज्वारीच्या पिठाची कोमट आंबील चांगली, मात्र ताक फार आंबट नको. गव्हाच्या सत्त्वाची खीर, नाचणीची पेज, तूप घातलेला गुरगुट्या भात, मांसाहारी कुटुंबात गाळलेले आळणी सूप व मऊ अंडे, हे सर्व उपयुक्त.

केळे आपल्या जिल्ह्याचे फळ आहे आणि या व्याधीत त्यासारखे सोयीचे फळ नाही. पूर्ण पिकलेले केळे काट्याने कुस्करून द्यावे. दुधाबरोबर द्यावे काय, हा प्रश्न सभांतून विचारला जातो. संहितांनी केळे व दूध यांचा संयोग विरुद्धाहारात गणला आहे, हे खरे. लेखक स्वतः केळे व दूध दोन तासांच्या अंतराने देण्यास सांगतो. परंतु ज्या रुग्णास शिकरणाखेरीज काहीच जात नाही, त्याच्याशी या मुद्द्यावर वाद घालीत नाही. दोन किलो वजन राखणे त्या वेळी अधिक मोलाचे असते.

ऊर्जेचे प्रमाण दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० कॅलरी व प्रथिने १ ते दीड ग्रॅम असावे. ५० किलोच्या माणसास म्हणजे सुमारे १,२५० ते १,५०० कॅलरी व ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने. तीन जेवणांत हे जमत नाही. दर दोन तासांनी वाटीभर असे सात-आठ वेळा द्यावे लागते. अन्न कोमट असावे. आपल्याकडे उकळता चहा बशीत न ओतता पिण्याची फुशारकी असते. तो चहा प्रथम थांबवावा. आंबट फळे, टोमॅटो, पापड, भाजलेले शेंगदाणे, चिवडा, मद्य, विडी, तंबाखू व मिश्री हे सर्व बंद. जेवणानंतर दोन-तीन तास आडवे होऊ नये व रात्री खाटेची डोक्याकडील बाजू विटा लावून उंच करावी, म्हणजे आम्ल वर येऊन सोललेल्या भागास लागत नाही.

उन्हाळ्यात उपचार चालू असतील तर पाण्याचा हिशेब स्वतंत्र ठेवावा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. गिळताना दुखते म्हणून पाणी टाळणारा, सिसप्लाटिन घेणारा रुग्ण वृक्कांच्या दृष्टीने मोठ्या जोखमीत असतो. दिवसभरात लघवी किती वेळा व कोणत्या रंगाची झाली, हे घरातील एका व्यक्तीने लिहून ठेवावे.

तूप चमचाभर, कोमट, जेवणापूर्वी घेतल्यास घास सरकण्यास साहाय्य होते, असे अनेक रुग्ण सांगतात. ते व्रण भरते असे नव्हे. जेवणापूर्वी भूल देणारे पातळ औषध, आम्लशामक, वेळप्रसंगी मॉर्फिन, हे तज्ज्ञांनी दिलेले असते. ते बंद करून आपले सुरू करावे, असा प्रसंग या लेखकास अद्याप आढळलेला नाही. मॉर्फिनला घाबरणारे नातलग मात्र वारंवार आढळतात. वेदना कमी झाली तरच रुग्ण खातो आणि खाल्ले तरच उपचार पुरे होतात, हे त्यांना वैद्याने सांगितल्यास पटते.

ताबडतोब परत पाठवावे असे रुग्ण

रासायनिक उपचार चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असल्यास तो साधा ज्वर मानून त्रिभुवनकीर्ती वा महासुदर्शन देऊ नये. श्वेतपेशी घटलेल्या असताना हा ताप काही तासांत प्राणघातक होऊ शकतो. जिभेवर व टाळूवर पांढरे चकंदळ दिसल्यास अन्ननलिकेतही बुरशी असण्याचा संभव असतो; मधुमेहींत व स्टेरॉइड घेणाऱ्यांत विशेषतः. बुरशीविरोधी औषधाने दोन-तीन दिवसांत लक्षणीय आराम पडतो आणि किरणांचा समजला जाणारा त्रास बुरशीचा होता, असे उघड होते. पाणी पिताच खोकल्याची उबळ येणे, रक्ताची उलटी, चोवीस तास पाणीही न जाणे, महिन्यात वजनाच्या पाच टक्क्यांहून अधिक घट, ही अन्य लक्षणे. रुग्णास पाठवताना आपण काय काय दिले याची चिठ्ठी आपल्या सहीने द्यावी. लाज वाटली तरी द्यावी.

उपचार संपल्यावर

महिनाभरात गिळणे सुधारले, म्हणजे विषय संपला असे नाही. उपचारानंतर एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, धाप व बारीक ताप आल्यास तो फुप्फुसाचा किरणजन्य शोथ असू शकतो. कास-श्वासाची चिकित्सा करीत बसू नये. काही महिन्यांनी घन पदार्थ अडू लागल्यास अन्ननलिका आकुंचित झाल्याचा संशय घ्यावा. दुर्बिणीतून ती रुंद करता येते. रसायन, बृंहण, मांसवर्धक आहार यांचा काळ आता सुरू होतो. तेही तज्ज्ञांना कळवून, कारण अनेक रुग्णांना यानंतर प्रतिकारशक्तीवर कार्य करणारी इंजेक्शने वर्षभर चालू असतात.

आमच्या बागायतदारांचे राहिलेले १३ भाग नंतर पूर्ण झाले. नळीने अन्न देण्याची वेळ थोडक्यात टळली. सात महिन्यांनी ते पुन्हा आले. भाकरी अडत होती. या वेळी लेखकाने काहीही दिले नाही, चिठ्ठी लिहून दिली. अन्ननलिका दोनदा रुंद करावी लागली. आता ते वरणात कुस्करलेली भाकरी खातात आणि दर खेपेस बागेतील केळ्याची एक फणी आणून टेबलावर ठेवतात. दुकानातील द्राक्षासवाच्या बाटल्यांकडे बोट दाखवून एकदा तरी हसल्याशिवाय मात्र ते जात नाहीत.